माशीचे हरवलेले पंख

कपाशीवरच्या बोंडअळीचा पतंग धरून पाहावा. त्याला चार पंख असतात. घरात घोंघावणारी माशी मात्र दोनच पंखांची. मागच्या जोडीच्या जागी तिला दोन बारीक घुंडीदार दांड्या असतात. उडताना तोल सावरणे हे त्यांचे काम, म्हणून त्यांना संतोलक म्हणतात. माशीच्या पूर्वजांना चार पंख होते. मग ती जोडी गेली कोठे? पिंपळगाव राजासारख्या कापूस पिकविणाऱ्या गावात याच प्रश्नापासून आरंभ करणे आम्हांला योग्य वाटते. कारण प्राण्यांची शरीरे कशी बदलत आली, या मोठ्या इतिहासाचे एक दार येथे उघडते.

1859 साली डार्विनने निसर्गाच्या निवडीचे तत्त्व मांडले. परंतु ज्या फरकांतून ही निवड व्हायची, ते गर्भात कसे उपजतात हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. 1894 साली बेटसन या इंग्रज पंडिताने एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव उगवल्याची अनेक उदाहरणे गोळा केली. 1915 साली न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत ब्रिजेस यांना एक फळमाशी आढळली. तिचे संतोलक पंखांच्या वळणावर जाऊ लागले होते. पुढे एडवर्ड लुईस यांनी कॅलिफोर्नियात याच कोड्यावर कित्येक दशके घालविली आणि निरनिराळे जनुकदोष एकत्र आणून पुरत्या चार पंखांची माशी निपजविली. 1978 साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. 1995 साली आणखी दोघांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून हे निष्कर्ष आम्ही आमच्याच भाषेत सांगतो. शरीराच्या बहुतेक पेशींत जनुके तीच असतात. पण कोणी कोठे आणि केव्हा कामाला लागायचे हे ठरविणारी काही जनुके मुकादमासारखी असतात. मुकादम स्वतः रुईची गाठ बांधीत नाही. कोणी कोठे उभे राहायचे ते सांगतो. माशीच्या छातीच्या तिसऱ्या खंडात असा एक मुकादम ‘येथे पंख नको, संतोलक हवा’ असे बजावतो. तो गैरहजर राहिला की तेथे पुन्हा पंख उगवतो. 1984 साली असे दिसून आले की, अशा जनुकांच्या मजकुरात एक छोटा भाग जवळजवळ सारखा आहे. आणि तोच भाग बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्यातही सापडला.

पण गंमत पुढेच आहे. चार पंखांच्या कीटकांतही मागच्या पंखाच्या जागी हाच मुकादम हजर असतो, तरी तेथे पंखच होतो! म्हणजे मुकादम जुनाच. त्याचे कोणी ऐकायचे, ती यादी माशीच्या वंशात बदलली. एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादेत आणि मग पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत माशी, मधमाशी व रेशीमकिडा यांची तुलना करून हीच यादी तपासली.

पुण्याचा या शास्त्राशी संबंध याहून जुना आहे. एडिंबरोचे वॉडिंग्टन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात गर्भविकासाचा अभ्यास रुजविला. पुढे आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी व त्यांचे सहकारी हायड्रावर काम करू लागले. हायड्रा हा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटर लांबीचा जीव. त्याचे तुकडे केले तरी एकेका तुकड्यातून सबंध देह पुन्हा उभा राहतो. 2010 साली या मंडळींनी जपानी सहकाऱ्यांसह दाखविले की, हायड्रातील ‘नॉगिन’ या जनुकाचा संदेश बेडकाच्या गर्भात घातला असता त्या गर्भात शरीराचा दुसरा अक्ष आखला जातो. हायड्रा आणि बेडूक यांचे वंश फुटून 50 कोटींहून अधिक वर्षे झाली. तरी एकाचा हुकूम दुसऱ्याला अजून कळतो!

येथे कोणी शंका घेईल : ‘जनुकच मुकादम असेल, तर जन्माने ठरले ते ठरलेच की!’ जन्माच्या नावाने माणसाला एकाच कामाला जुंपणारी ही भाषा आम्ही फार ऐकली आहे. तिला या शास्त्राचा आधार नाही. उपर वॉडिंग्टन यांचे नाव आले. त्यांनी 1956 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माशीच्या अंड्यांना ईथरची वाफ दिली होती. जनुकदोष नसताना काही माशांचे संतोलक पंखांसारखे झाले. म्हणजे सभोवतालची परिस्थितीही देह घडविते. अशाच माशांची वीण अनेक पिढ्या निवडून चालविली, तेव्हा वाफ न देताही ते रूप दिसू लागले. आधीपासून दडलेले फरक निवडीने वर आले.

हात कोठे उगवावा, एवढे ही जनुके ठरवितात. त्या हातात झाडू द्यावा की लेखणी, हे समाज ठरवितो. आणि समाजाने ठरविलेले समाजाला बदलता येते. शिवाय ज्या सामग्रीतून माशी आणि हायड्रा झाले, तिच्याच वारशातून राजा आणि हमाल दोघेही झाले. निसर्गाने नवी शरीरे घडविताना जुनीच हत्यारे नव्या कामाला लावली. उच्च कुळासाठी निराळे साहित्य त्याने कोठेही राखून ठेवलेले नाही.