तबकडीवर न छापलेलीं नांवें

इंदापूर तालुक्यांतील आमच्या शेळगांवीं लहानपणीं मीं ज्या वराती पाहिल्या, त्यांत बॅन्डवाल्याकडे १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांतील गाण्याची फर्माईश हटकून होई. श्रेय आम्ही सारें सी. रामचंद्र यांना देत असूं. पुणतांब्यास जन्मलेला आपला माणूस, म्हणून अभिमानहि असे. परंतु त्या गाण्यांतील वाद्यांचा तो उसळता ठेका आला कोठून, हा प्रश्न मला सुचला तो शाळेची घंटा कायमची मागें पडल्यावर.

त्याचें मूळ अमेरिकेंतील कृष्णवर्णी वादकांच्या जॅझ संगीतांत आहे. लिहिलेली चाल वाजवितां वाजवितां वादकानें ऐन वेळीं स्वतःच्या कल्पनेनें तिचा विस्तार करावयाचा, हें त्याचें मर्म. आपल्या गवयांना यांत नवल वाटूं नये. जॅझची पहिली तबकडी १९१७ सालची म्हणून सांगतात, आणि ती वाजविणारे होते गोरे! त्यापूर्वींच, १९१३-१४ सालीं, न्यूयॉर्कमध्यें जेम्स रीज यूरोप यांच्या वाद्यवृंदानें व्हिक्टर कंपनीसाठीं तबकड्या भरल्या होत्या. त्यांत कॉर्नेट वाजविणारे गृहस्थ क्रिकेट स्मिथ. तबकडीवर नांव वाद्यवृंदाचें. स्मिथ यांचें नाहीं.

हेच स्मिथ पुढें मुंबईस आले. १९३५ सालीं लिऑन अॅबी यांचा संच ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, आणि त्यामागोमाग स्मिथ यांनीं तेथें आपला संच उभा केला. १९३६ सालीं त्यांच्या संचाची 'ताज महाल' ही नृत्याची तबकडी निघाली, आणि तिच्यावर मात्र त्यांचें नांव आलें. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांनीं, आणि तेंहि समुद्रापलीकडे! त्याच काळांत मुंबईंत पियानो वाजविणारे टेडी वेदरफर्ड १९२६ सालीं शिकागोंत अर्स्किन टेट यांच्या संचांत साक्षात् लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर तबकडीसाठीं वाजवून चुकले होते. १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें त्यांचा अंत झाला.

या मंडळींचें वादन जवळून ऐकणारे होते आपले गोंवेकर. पोर्तुगीज अमदानींत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. त्यामुळें मुंबईच्या हॉटेलांत वाद्यें वाजवून पोट भरणारा गोंवेकर ही नेहमींचीच गोष्ट होती. हळदोणें येथें १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो शाविएर वाझ त्यांतलेच. आर्मस्ट्राँग यांच्या धर्तीवर ते ट्रंपेट वाजवीत व गातहि, आणि लोक त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत. अनुकरण हा शब्द त्यांच्याबद्दल पुष्कळांनीं नाक मुरडून वापरला आहे. मला तें पटत नाहीं. शिष्य गुरूची तान उचलतो तेव्हां आपण त्यास घराणें म्हणतों, मग येथेंच निराळा न्याय कां?

सी. रामचंद्र यांनीं ह्या वाझांना हातीं धरलें. चाल अण्णांची, पण तिला वाद्यांचा साज चढवावयास, कोठें ट्रंपेट उठेल, कोठें सॅक्सोफोन उत्तर देईल, हें बसवावयास असे गोंवेकर लागत. तबकडीच्या कागदावर गायक-गायिकेचें नांव असे, संगीतकाराचें असे, कंपनीचें तर ठसठशीत असे. वादकाला तेथें जागा नव्हती.

वाझ १९६७ सालीं वारले. 'अलबेला'ची प्रत माझ्या नातवानें अलीकडेच मला दाखविली. तींत ते आपल्या संचासह पडद्यावरच दिसतात, आणि लहानपणीं तंबूंतल्या सिनेमांत मीं त्यांना हंसतां हंसतां पाहिलेंहि होतें!