आतडे, अफू आणि बाळगोळी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तह उभे राहतात. आज मी सांगणार आहे तो इतिहास प्रत्येकाच्या पोटातला आहे. मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेले आणि जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. या विषयाकडे मी वळलो तोही गिरणीच्याच वाटेने.

मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग-रीळिंग खात्यांत बायका काम करीत, तेव्हा तान्ह्या मुलाला ‘बाळगोळी’ चाटवून कामावर जाण्याचा प्रघात होता. त्या गोळीत अफू असे. १९२२ साली सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सर्वच मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळले. दोष द्यायला आयांचा अडाणीपणा सोपा होता. दिवसाचे दहा-दहा तास खात्यात उभे राहणाऱ्या बाईने मूल कोणापाशी ठेवावे, हा प्रश्न अवघड होता आणि तो बराच काळ कोणी विचारला नाही.

अफूने मूल निजते, तसेच त्याचे आतडेही थांबते. हगवणीवर अफू हा तर फार जुना आणि अनेक देशांतला उपाय. पण अफू थांबवते म्हणजे नेमके काय करते?

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, एक आडवा वेढे घातलेला, दुसरा उभा. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, अन्नाचा गोळा जेथे असेल त्याच्या मागचा भाग आकुंचन पावतो आणि पुढचा सैल होतो. म्हणून गोळा पुढे सरकतो. हा हुकूम मेंदूकडून यावा लागत नाही. दोन थरांच्या मध्येच मज्जातंतूंचे एक जाळे आहे आणि तेच हा कारभार पाहते. १९०४ साली जर्मनीत माग्नुस यांनी तर आतड्याचा तुकडा कापून कोमट क्षारजलात टांगला आणि प्राणवायू दिला, तर तो तासन्‌तास हलत राहतो असे दाखविले. तुकड्याला बांधलेली काडी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर त्याच्या हालचालीची रेघ काढी. पुढची साठ-सत्तर वर्षे या साध्या उपकरणाने जे शिकविले, ते मोठमोठ्या यंत्रांनाही जमले नसते असे मला वाटते.

दुसरा धागा केंब्रिजचा. १९०५ साली लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन घातले; स्नायू आखडला. मज्जातंतू मृत असतानाही आखडला! क्युरारे हे विष घातले की निकोटिनचे काही चालेना, पण स्नायूला विजेचा सरळ धक्का दिला तर तो हलेच. तेव्हा स्नायूत असे काही द्रव्य असले पाहिजे की जे औषधाला ‘घेते’, असे अनुमान त्यांनी काढले. आज आपण त्याला ग्राही म्हणतो. ग्राही हे कुलूप, औषध ही किल्ली. आतड्याच्या स्नायूवरच्या कुलपाची शरीराने घडविलेली किल्ली म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. मज्जातंतूच्या टोकातून ते सुटते, ग्राहीला चिकटते, स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायू आवळतो.

मग अफूचे कुलूप कोठे? स्नायूवर असेल, असा कोणाचाही तर्क होईल. १९५७ साली इंग्लंडात पेटन यांनी गिनीपिगच्या आतड्याला विजेचे धक्के देऊन मोजमाप केले. मॉर्फिन घातल्यावर आकुंचन कमी झाले, आणि त्याबरोबर मज्जातंतूंतून सुटणारे अ‍ॅसिटिलकोलिनही घटले. बाहेरून अ‍ॅसिटिलकोलिन दिले की स्नायू पूर्वीसारखाच आवळे. म्हणजे कामगार धडधाकट होता, हुकूमच खात्यापर्यंत पोचत नव्हता. माणसाच्या आतड्यात तर आणखी एक गंमत होते. अफूने आतडे सैल पडत नाही. ते जागच्या जागी आवळत राहते, पण लाट पुढे जात नाही. हा संप नव्हे. प्रत्येक खाते आपापले काम करते आहे आणि फाटकातून माल मात्र बाहेर पडत नाही, असा तो प्रकार.

खसखशीच्या बोंडातल्या चिकाला बसेल असे कुलूप आपल्या आतड्यात असावेच कशाला? हा प्रश्न नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनला आलेल्या हान्स कोस्टरलिट्झ यांनी धरून ठेवला. १९७३ साली तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मेंदूत अफूचे ग्राही असल्याचे सिद्ध केले. १९७५ साली कोस्टरलिट्झ आणि त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूझ यांनी डुकरांच्या मेंदूंतून शरीराची स्वतःची किल्ली काढली. तिचे नाव एन्केफॅलिन. ह्यूझ हे मेंदू कत्तलखान्यातून आणीत. तेथे ते काढून देणाऱ्या कामगारांची नावे मात्र इतिहासात नाहीत. अर्क खरा की खोटा, हे ठरविले पुन्हा गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्याने: अर्काने आकुंचन घटले आणि अफूचा उतारा असलेल्या नालोक्झोनने ते परत आले.

तेवढ्यात औषधाच्या कारखान्यांनीही या कुलपाची किल्ली घडविली होती. बेल्जियममध्ये १९६९ साली तयार झालेले लोपेरामाइड मेंदूपर्यंत फारसे पोचत नाही आणि आतड्याला तेवढे थोपविते. मोठ्या माणसाच्या साध्या जुलाबावर ते उपयोगी आहे. पण लहान मुलांसाठी त्याचे थेंब निघाले, आणि १९८९-९० मध्ये पाकिस्तानात आतडी ठप्प होऊन काही तान्ही मुले दगावली. १९९० साली ते थेंब मागे घेण्यात आले. जुलाब दिसायचे थांबले तरी आतड्यात पाणी पाझरतच असते. मूल बाहेरून कोरडे दिसते, पोट फुगते, आणि अंगातले पाणी पोटातच अडकते. बाटलीवर छापील चिठ्ठी होती, एवढाच बाळगोळीहून फरक.

त्याच्या अठरा-एकोणीस वर्षे आधी, १९७१ साली, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे मरत होती. सलाइन अपुरे होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी स्नायूंना हातच लावला नाही. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पाजायला घेतले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते, ते ४ च्या खाली आले. ते पाणी नळ बसविलेल्या ड्रममधून पेल्यात घेऊन रुग्णांचे नातेवाईकच पाजीत होते.