अनुचित औषधयोजना (वृद्ध बाह्यरुग्णांची)

रुग्णालयात दाखल न होता चिठ्ठी घेऊन घरी जाणाऱ्या वृद्धाला, अधिक सुरक्षित पर्याय असतानाही, फायद्यापेक्षा अपायच जास्त करू शकणारे औषध देणे. चुकीची मात्रा, लांबलेली मुदत आणि एकच औषध दोन नावांनी देणे हेही यातच मोडते. अमेरिकी वैद्यक मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी केली. १९९७ मध्ये तिची व्याप्ती सर्व वृद्धांपर्यंत वाढली. आयर्लंडमधील २००८ च्या ‘स्टॉप–स्टार्ट’ निकषांनी गरजेचे औषध राहून जाणे हाही दोष धरला.

उतारवयात मूत्रपिंडे मंदावतात, पण स्नायू झडल्याने क्रिएटिनिनचा रिपोर्ट ‘नॉर्मल’च येतो. चरबीचे प्रमाण वाढल्याने डायझेपाम अंगात रेंगाळते. रात्रीची झोपेची गोळी सकाळीही तोल घालवते आणि मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. ग्लिबेनक्लामाइड स्वस्त खरी, पण एकादशीच्या उपासाला साखर धोकादायक उतरवू शकते. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामाइनने प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडते.

धुळ्यात चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खासगी दवाखानेही पुष्कळ. साक्री-शिंदखेड्याकडच्या म्हाताऱ्या माणसाकडे बीपीचा कागद एका डॉक्टरचा, गुडघ्यांचा दुसऱ्याचा आणि अधलीमधली गोळी गावच्या मेडिकलवरची, असे सहज घडते. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात; सूज हा नवा आजार समजून लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, सुरू होते. एनॅलाप्रिल आधीच चालू असते, त्यात गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅकची भर. फ्युरोसेमाइड, एनॅलाप्रिल आणि डायक्लोफिनॅक या तीन गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडे बसू शकतात. मे महिन्यात खानदेशात पारा ४२ अंशांपुढे जातो, अंगातले पाणी आटते, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. प्रत्येक चिठ्ठी सुटी पाहिली तर बरोबरच असते. चूक सगळ्या एकत्र ठेवल्यावर दिसते, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढी सवड कोणाला?

झोपेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ खाली आहेत: चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपायची. पण जुनाच कागद दाखवून वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीचा फेरविचार या नोंदवहीने होत नाही. तो डॉक्टरनेच करायचा. झोपेची गोळी मात्र मनानेच एकदम बंद करू नये. ती हळूहळू उतरवावी लागते.

तपासणीला जाताना घरातल्या साऱ्या पट्ट्या, काढ्याच्या बाटलीसह, पिशवीत घालून न्याव्यात. औषधाचा दुष्परिणाम रुग्णालाही कळवता येतो. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.