विज्ञान अध्यापनातील सहकार्य (शहादा परिसर)

स्थानिक शाळांतील विज्ञान सुधारण्यासाठी शाळा, शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांनी एकत्र येणे. शहाद्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे विज्ञान महाविद्यालय आहे. तरी त्याने शाळांना केवळ प्रयोगसाहित्य पुरवून काम भागत नाही. शहाद्याप्रमाणे खानदेशातच असलेल्या खिरोदा (ता. रावेर) येथे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) ग्रामीण शाळांत काम केले. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हा विज्ञान शिकण्यातला एक मोठा अडसर असतो, हे केंद्राच्या त्या काळातील संशोधनाने दाखवले. शहाद्याला हे अधिकच लागू पडते. घरी पावरी वा भिलोरी या आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला ‘आम्लारी’ (आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ) हा शब्द अडतो, पण हळदीच्या कागदाला साबणाचे पाणी लागताच तो लाल होतो, हे लगेच कळते. शब्द मागाहून द्यावा. बाहेरची संस्था गेली की सारे थंडावते, हा आक्षेप रास्त आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला, पुढे शेकडो शाळांत पोहोचला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. म्हणजे दीर्घायुष्यही हमी देत नाही. म्हणूनच प्रशिक्षण, मासिक बैठका आणि साहित्याची दुरुस्ती तालुक्यातील महाविद्यालयाकडे असावी; मुंबईच्या तज्ज्ञांनी सल्ल्यापुरते यावे.