जमिनीच्या भावात पाऊस कुठे शोधायचा?

संशोधनाला लागताना तुम्ही जी चूक कराल, ती मीही करणार होते. एम.एस्सी.ची सवय! एका रकान्यात तालुक्याचा पाऊस, दुसऱ्यात शेतजमिनीचा भाव, की काढा आलेख. नाशिक जिल्हा तर त्यासाठीच घडवल्यासारखा: पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पूर्वेला येवल्यात पाचशेच्या आसपास. पण जुने कागद वाचत गेले आणि आलेख बाजूलाच राहिला.

आधी सारा बघा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात सुरू केलेली पाहणीची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. मातीची प्रत आण्यांत लावायची. गावांच्या गटाचा कमाल दर ठरवताना हवामान आणि बाजाराची सोय बघायची. असा ठरलेला सारा तीस वर्षं कायम. म्हणजे पावसाचा धोका साऱ्यात आधीच धरलेला! कोरड्या गावाचा सारा हलका असेल, तर कोरडेपणाचा सगळा तोटा भावात दिसणारच नाही. मला हे उमजायला सहा महिने लागले.

मग दुष्काळ, १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा. अशा वर्षी भाव पडलेला दिसला की 'शेतकऱ्याला पुढच्या पावसाची धास्ती' असं लिहायचा मोह होतो. थांबा. गावभर विकणारे आणि घेणारा एखादाच सावकार असेल, तरी भाव पडतोच. त्यात १९०१ चा मुंबई इलाख्याचा कायदा: साऱ्याच्या थकबाकीत सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकण्या-गहाण ठेवण्यावर बंदी घालता येऊ लागली. फिरोजशहा मेहता आणि गोखले निषेध म्हणून कायदेमंडळातून उठून गेले, ते याच कायद्यावरून. तुमच्या-माझ्यासाठी मुद्दा वेगळा. जी जमीन विकताच येत नाही, तिचा भाव आपल्या रकान्यात येणार कुठून? आणि दुष्काळाने जास्त मार खाल्लेली जमीन बहुधा तीच.

शेवटी पाणी. १९१६ चं दारणा धरण इगतपुरी तालुक्यातलं. तिथलं पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी पार कोपरगावकडे जातं. पाऊस पडला एकीकडे, जिरायताचं बागायत झालं दुसरीकडे. मग कोपरगावच्या शेताच्या भावापुढे पाऊस कुठला लिहाल? मी सध्या दोन रकाने ठेवलेत.