राणीवशाशी थोडं थांबू या

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या आसपासच्या गावांतून बचत गटांच्या सहली रायगडला जातात. आपण मेघडंबरी बघतो, जगदीश्वराला हात जोडतो. राणीवशाशी मात्र कुणी थांबत नाही. नुसते चौथरे, त्यात बघायचं काय? आज त्या चौथऱ्यांविषयीच बोलू या.

१८१८ साली इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, तेव्हा वाड्यांचं लाकूडकाम जळालं. दगड तेवढा राहिला. नीट बघितलं तर राणीवशातल्या महालांना जोडून शौचकूप दिसतात. जवळच गंगासागर तलाव आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी घर बांधतानाच बाईची ही गरज धरली होती. तिला अंधार पडायची वाट बघावी लागत नव्हती.

गडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंचा वाडा आहे. गडावरची थंड हवा, वारा म्हातारपणी सोसेना, म्हणून महाराजांनी आईसाठी खाली वाडा बांधला. वाड्यातल्या विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात, कारण काठावर टेकून बसायला दगडी तक्का आहे. पाण्याला येणाऱ्या बायकांशी जिजाऊ इथे बसून बोलत, असं लोक सांगतात. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊ पाचाडलाच गेल्या. त्यांची समाधीही तिथेच आहे.

थंडीचा विचार दूर कोरियातही झाला. तिथल्या राजवाड्यांत खोलीबाहेरच्या चुलाण्यात जाळ करत. त्याची ऊब जमिनीखालून फिरे आणि बसायची, निजायची जागा गरम राही.

म्हणून आम्हांला वाटतं, वाड्याचा मोठेपणा नुसत्या दरवाजावरून मोजू नये. आत राहणाऱ्या बाईला पाणी कुठे, आडोसा कुठे, म्हातारीला ऊब कुठे, हेही विचारावं.

तेव्हा ही सोय राजघराण्यातल्या बायकांना मिळाली. आज ती प्रत्येकीचा हक्क आहे. आपल्या पाड्यावर नळ कोरडा असेल, शौचालयाला दार किंवा पाणी नसेल, तर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ते बोला आणि ठरावात लिहून घ्या.

पुढच्या सहलीला राणीवशाशी थांबा. सोबतच्या मुलींना ते शौचकूप आवर्जून दाखवा.