डोक्यावरून गेलेली विमानं

सांताक्रूझच्या धावपट्टीवरून विमान उडालं की आपल्या बाई खडू तसाच हातात धरून वाक्याच्या मध्ये थांबायच्या, आणि आवाज विरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. आपल्या १९९५च्या बॅचला पार्ल्यात दहा वर्षं हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या विमानांत माणसं असतात, याचा विचारही कधी केला नाही. गेली बारा वर्षं मी विमान कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या लावणारं सॉफ्टवेअर लिहिते. कोणी किती तास उडायचं, किती विश्रांती घ्यायची, कुठल्या गावी मुक्काम करायचा, ही सगळी गणितं. त्यामुळे निवृत्त मंडळींशी बोलणं होतं आणि प्रत्येक जण शेवटी एकच म्हणतो : "आमचा काळ वेगळा होता!"

होताच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एकटे पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे आपल्या जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. विमानात रेडिओ नव्हता. जुहूचं मैदान म्हणजे चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, म्हणून सगळा संसार पुण्याला हलवायचे, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर. संसार तरी केवढा? तीन वैमानिक, तीन मेकॅनिक आणि दोन चिमुकली विमानं. आज माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एवढ्या माणसांची यादी स्क्रोल न करता दिसेल.

८ जून १९४८ला 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनेव्हा करत लंडनला गेलं. माझ्यासारख्या इंजिनीअरला मोह पडतो तो या विमानाच्या कॉकपिटचा. वैमानिक तर होतेच. शिवाय फ्लाइट इंजिनीअर, रेडिओ ऑफिसर आणि नेव्हिगेटर. नेव्हिगेटर छतावरच्या काचेच्या घुमटातून सेक्स्टंटने तारे बघायचा आणि आपण नकाशावर कुठे आहोत ते पेन्सिलीने काढायचा. पुढे एकेक खुर्ची रिकामी होत गेली. रेडिओ सुधारला तसा रेडिओ ऑफिसर गेला. १९७१ साली एअर इंडियाकडे बोइंग ७४७ आलं; त्यात दिशा सांगणारी यंत्रणा बसवलेलीच होती, मग नेव्हिगेटरची गरज उरली नाही. १९८६च्या एअरबस ए-३१० मध्ये फ्लाइट इंजिनीअरसुद्धा नव्हता. ही माणसं घालवणारं काम माझ्याच जातभाईंनी केलं, हे कबूल करते. प्रवास त्यामुळे जास्त सुरक्षित झाला, हेही खरं.

केबिनमध्येही थाट होता. बॉबी कुकांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून उतरलेला महाराजा १९४६पासूनच वाकून नमस्कार करत होता. स्वतः जेआरडी प्रवास करताना टिपणं काढायचे. विमानातला चहा आणि कॉफी रंगावरून वेगळी ओळखू येत नाही, अशी तक्रारही त्यांनी लेखी केली होती. (आपल्या कँटीनला ते कधी आले नाहीत, हे बरंच.)

या थाटाची एक बाजू मात्र आपल्या वर्गात येऊन गेली होती आणि आपल्याला कळली नव्हती.

आठवीत एका शनिवारी 'व्यवसाय मार्गदर्शना'च्या तासाला आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची आई आली होती. आठवतंय? पूर्वी हवाई सुंदरी होत्या त्या. युद्धाआधीच्या बैरूतचा समुद्र, हलत्या विमानात न सांडता सूप कसं वाढायचं, एका मनगटावर दोन घड्याळं, एक मुंबईचं आणि एक ग्रीनिचचं. आम्ही मुली तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मग सोडलं का?" काकू लेकीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ही झाली ना!" वर्ग हसला. मीही हसले.

ते वाक्य मला पंचवीसेक वर्षांनी कळलं. कामासाठी जुने नियम चाळताना 'एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा' हा २८ ऑगस्ट १९८१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. तेव्हाचा नियम असा : हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, नोकरीला चार वर्षं व्हायच्या आत लग्न केलं तर तेव्हाच, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी तेव्हाच. यांतलं जे आधी घडेल ते. त्याच विमानात, त्याच ट्रॉलीमागे उभा असलेला पुरुष सहायक फ्लाइट पर्सर अठ्ठावन्नला निवृत्त व्हायचा. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळे, पण ती व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर.

न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या त्या निकालाने गरोदरपणाचं कलम मनमानी ठरवून रद्द केलं, मर्जीचा अधिकारही काढून घेतला. चार वर्षांची लग्नबंदी मात्र योग्य ठरवली. त्यासाठी दिलेल्या कारणांत कुटुंबनियोजनाला हातभार लागेल, हेही एक होतं! मी ते पान दोनदा वाचलं. पुढेही हे सरळ झालं नाही. स्त्रियांनी पन्नाशीनंतर उडायचं नाही, पुरुषांनी अठ्ठावन्नपर्यंत उडायचं, हा फरक २००३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. विमानातल्या पर्यवेक्षकाची जागा बायकांनाही मिळू शकते, यावर तिथलं शिक्कामोर्तब व्हायला २०११ उजाडलं.

काकूंच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. असे नियम त्या काळी जगभर होते. अमेरिकेत १९३० साली पहिली हवाई सुंदरी म्हणून एलन चर्च ही नर्स उडाली, तेव्हापासून 'अविवाहित' ही अट होतीच.

हे लिहिण्याआधी काकूंना फोन करून परवानगी घेतली. त्यांनी लग्नाची तारीख चार वर्षं पुरी होईपर्यंत धरू दिली नव्हती. सासरच्यांना पत्रिकेचं कारण सांगितलं होतं. १९७९मध्ये दिवस गेले, तेव्हा राजीनामा स्वतःच्या हाताने लिहून दिला, त्यामुळे कागदोपत्री नोकरी त्यांनी आपणहून सोडली. वय सत्तावीस. निकालाची बातमी पेपरात आली तेव्हा आपली मैत्रीण दोन वर्षांचीही नव्हती.

"तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये आता काय करता गं, मुलीला दिवस गेले की?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, नावापुढे 'तात्पुरती उड्डाणास अपात्र' अशी नोंद पडते. उड्डाणाच्या ड्यूट्या बंद होतात. बाळंतपणाची रजा संपली, वैद्यकीय तपासणी झाली, की नोंद काढायची आणि नाव पुन्हा यादीत.

"म्हणजे परत येते."

"हो काकू."

"परत येते," त्या पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, रियुनियनला पालकांना बोलावलंय का, आणि जेवायला काय आहे.